टिळकवाडीत ट्रक बांधायचा तर खर्च किती?

सहा चाकांचा, लाकडी हौद्याचा, महामार्गावर रोज दिसणारा ट्रक १/२४ स्केलमध्ये घरी बांधायचा तर पहिल्या ट्रकला हत्यारांसह तीन ते पावणेचार हजार रुपये लागतात. दुसऱ्या ट्रकच्या वेळी हत्यारे घरातच असतात, त्यामुळे तो दोन-अडीच हजारांत होतो. परदेशी किट आणून जोडायचे ठरवले तर दहा-बारा हजार धरा. रिमोटवर चालणारा मोठा ट्रक हवा असेल तर लाखाची तयारी ठेवा. हे आकडे अंदाजाचे आहेत. दुकान बदलले की शंभर-दोनशेचा फरक पडणारच. पण पैसा कुठे घालायचा आणि कुठे वाचवायचा हे एकदा कळले, की एवढ्या फरकाने काही बिघडत नाही.

माझे ठाम मत आधीच सांगतो. पैसा चाकांवर घाला. केबिन पुठ्ठ्याची चालते, हौदा सुताराकडच्या तुकड्यांचा चालतो, पण चाके हलकी असली की सगळा ट्रक खेळण्यासारखा दिसतो. माणसाची नजर ट्रकवर पडते ती आधी चाकांवर.

कोणत्या मापाचा बांधायचा?

स्केल ठरवल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. आपल्याकडच्या नियमांनुसार मालमोटारीची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त असू शकत नाही आणि एकसंध ट्रकची लांबी १२ मीटरपर्यंत असू शकते. हीच मापे १/२४ मध्ये घेतली तर रुंदी सुमारे ११ सेंटिमीटर आणि लांबी जास्तीत जास्त अर्धा मीटर होते. नेहमीचा सहाचाकी त्याहून बराच आखूड असतो, म्हणजे पुस्तकांच्या कपाटात आरामात बसतो. १/३२ मध्ये रुंदी ८ सेंटिमीटरवर येते. जागा कमी लागते, पण पाटे, पायऱ्या, आरसे अशी बारीक कामे हाताने करणे अवघड होते. १/१४ हे रिमोटच्या ट्रकांचे माप. त्यात रुंदी साडेअठरा सेंटिमीटर होते आणि ट्रेलर जोडला की तो ठेवायला टेबल लागते.

१/८७ हे माप छोट्या रेल्वेच्या जगातले. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. या छंदाचा नाद असलेल्या प्रत्येकाने ते एकदा बघावे. आपल्याच माणसाने आयुष्यभर जिद्दीने मांडलेले ते छोटे शहर पाहिले की घरच्या टेबलावर काय काय शक्य आहे याचा अंदाज येतो. पण ट्रक हाच मुख्य विषय असेल, तर नवशिक्याने १/२४ सोडून दुसरीकडे जाऊ नये. बोटांना झेपते, डोळ्यांना ताण पडत नाही आणि पुढे कधी परदेशी किट घेतले तरी दोन्ही एकाच फळीवर शोभतात.

मोजमापाला खर्च नाही. बेळगावच्या ऑटोनगरला दुरुस्तीला लागलेला ट्रक असेल तर मालकाला किंवा मिस्त्रीला विचारा. "मामा, जरा टेप लावून बघू का?" असे नीट विचारले तर नाही म्हणणारा माणूस आपल्या भागात सहसा भेटत नाही. एक्सलपासून एक्सलपर्यंतचे अंतर, चाकाचा व्यास, केबिनची उंची आणि हौद्याची लांबी, रुंदी, उंची एवढी मापे पुरतात. मिलिमीटरमध्ये लिहा आणि २४ ने भागा. फोटो काढताना ट्रकच्या अगदी समोर आणि अगदी बाजूला उभे राहा. तिरक्या फोटोवरून मापे निघत नाहीत.

आपला ट्रक किटमध्ये का मिळत नाही

इटलीची इटालेरी, जर्मन रेव्हेल, अमेरिकेची एएमटी, जपानच्या तामिया आणि आओशिमा ही या छंदातली मोठी नावे. इटालेरीच्या १/२४ मधल्या व्होल्व्हो आणि स्कॅनिया, एएमटीच्या १/२५ मधल्या लांब नाकाच्या पीटरबिल्ट, आओशिमाचे १/३२ मधले दिव्यांनी आणि चित्रांनी मढवलेले जपानी ट्रक, सगळेच देखणे. त्या सजवलेल्या ट्रकांना जपानमध्ये देकोतोरा म्हणतात. १९७५ ते १९७९ दरम्यान तिथे ट्रकवाल्यांवरची एक चित्रपटमालिका गाजली आणि त्या सजावटीचे वेड देशभर पसरले. आपल्या रंगवलेल्या ट्रकांचे ते सख्खे भाऊच. पण टाटा १६१३, जुना १२१० किंवा लेलँडचा कॉमेट या कंपन्यांकडे शोधू नका. आपल्या रस्त्यावरचा ट्रक हवा असेल तर तो आपल्यालाच बांधावा लागतो, आणि खर्चाच्या दृष्टीने ही गोष्ट आपल्या फायद्याचीच आहे.

कारण आयात महाग पडते. खेळणी आणि स्केल मॉडेल जकातीच्या एकाच गटात मोडतात. त्या गटावरचे मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. त्यावर जीएसटी वेगळा. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे. किट मोठ्यांचे असले तरी खोक्यावर वयाचा उल्लेख स्पष्ट नसेल तर पार्सल अडकू शकते. म्हणून परदेशातून थेट मागवण्यापेक्षा भारतातल्या विक्रेत्याकडून घ्या आणि "सगळे कर धरून घरपोच किती?" एवढा एकच प्रश्न विचारा. १/२४ चे चांगले किट अशा रीतीने सहा ते दहा हजारांत येते. रंग, गोंद आणि हत्यारे त्यात नसतात.

ज्यांना आजोबांच्या काळातला ट्रक बांधायचा आहे त्यांच्यासाठी एक वाट आहे. टाटांनी १९५४ मध्ये जर्मनीच्या डायमलर-बेंझबरोबर ट्रक बनवायला सुरुवात केली आणि तो करार १९६९ पर्यंत चालला. त्या काळातल्या गोल नाकाच्या टाटा-मर्सिडीजचे जर्मन भावंड १/८७ मध्ये तयार मॉडेल म्हणून मिळते. ते विकत घेण्यापेक्षा त्याचे फोटो समोर ठेवून केबिनचा आकार समजून घ्या, तेवढा उपयोग पुरेसा आहे. आणि नाकावर तारा लावायचा की टाटांचे चिन्ह, हे तुमचा ट्रक कोणत्या सालचा आहे त्यावरून ठरवा.

चाके

मोठ्या ट्रकचा १०.००-२० मापाचा टायर सुमारे १०५० मिलिमीटर व्यासाचा असतो. १/२४ मध्ये तो ४४ मिलिमीटर होतो आणि त्याची रुंदी साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास येते. सहाचाकीला पुढे दोन, मागे जोडीने चार आणि एक स्टेपनी, म्हणजे सात चाके. दहाचाकीला स्टेपनी धरून अकरा. ही चाके मिळवायचे चार मार्ग आहेत. स्वस्तापासून सुरुवात करतो.

पहिला मार्ग खेळण्याचा. सेंटी कंपनीचा 'पब्लिक ट्रक' तीनशे-चारशे रुपयांच्या आसपास मिळतो. त्याची चाके १/२४ ला लहान पडतात. पण तो अख्खा ट्रकच उघडून, घासून, नव्याने रंगवून बघायला उत्तम आहे. शाळकरी मुलांनी इथूनच सुरुवात करावी. सातशे-आठशेत पूर्ण काम होते आणि हाताला वळण लागते.

दुसरा मार्ग थ्रीडी प्रिंटिंगचा. एका चाकाला आठ-दहा ग्रॅम माल लागतो. छपाई करून देणारे ग्रॅममागे आठ-दहा रुपये घेतात. म्हणजे सात चाके साडेचारशे ते सातशेच्या दरम्यान. खाचा आणि नट छपाईतच येतात ही सोय, पण थरांच्या रेघा दिसतात आणि त्या घासून काढायला दोन संध्याकाळी जातात. स्वतःचा प्रिंटर पंधरा ते तीस हजारांचा असतो. दोन-तीन ट्रकांसाठी तो घेऊ नका.

तिसरा मार्ग माझ्या आवडीचा, कारण तो टिळकवाडीकराच्या दारातच आहे. तिसरे रेल्वे गेट ओलांडले की उद्यमबाग लागते. फाउंड्री, लेथ, हायड्रॉलिकचे सुटे भाग यांवर ज्या गावाने नाव कमावले, त्या गावात ४४ मिलिमीटरचे चाक कातून घ्यायला दूर जायची गरज काय? ४५ मिलिमीटर व्यासाची काळी नायलॉनची दांडी घ्या. सात चाकांना, कापताना जाणारा माल आणि चकमध्ये धरायची जागा धरून, दीडशे मिलिमीटर पुरते. वजनाने पाव किलोपेक्षा थोडी जास्त भरते आणि दीडशे रुपयांच्या आत येते. कातणावळ पाचशे ते सातशे. छोटे काम म्हणून मालक आधी मान हलवतो. "सात नगाला मशीन कोण लावतंय?" असे ऐकावे लागते. त्यावर उपाय म्हणजे हातात नीट काढलेले चित्र घेऊन जाणे. व्यास, जाडी, मधले भोक, रिमची खोली, सगळे मिलिमीटरमध्ये लिहा आणि "सवडीनं करा, आठवड्यानं येतो" म्हणून सांगा. घाईचे काम नको म्हणणारा माणूस सवडीचे काम आनंदाने करतो. दोन-तीन मित्रांनी मिळून वीस-पंचवीस चाके एकदम करून घेतली तर दर खाली येतो.

लेथवर पुढच्या टायरच्या सरळ, गोल फिरणाऱ्या खाचा सहज निघतात. आपल्याकडच्या ट्रकांना पुढे असेच रिबचे टायर असतात आणि मागे आडव्या जाड दातांचे लग टायर. मागच्या चाकांचे दात त्रिकोणी कानशीने हाताने पाडावे लागतात. कंटाळवाणे काम आहे, पण त्यानेच ट्रकला वजन येते.

चौथा मार्ग साच्याचा. एक चाक मन लावून घडवा, सिलिकॉनचा साचा करा आणि रेझिन ओतून हवी तेवढी काढा. किलोभर सिलिकॉन हजाराच्या आसपास येते आणि रेझिन वेगळे. एका ट्रकसाठी हे परवडत नाही. तीन-चार ट्रक बांधायचे ठरले असतील तर सगळ्यात स्वस्त हेच. ट्रकची डिस्क पुढच्या चाकाला फुगीर बाजूने बाहेर येते आणि मागच्या बाहेरच्या चाकाला खोलगट दिसते. खरी डिस्क एकच असते, फक्त उलटी बसवलेली. त्यामुळे टायर आणि डिस्क वेगवेगळे ओतले तर सगळ्या चाकांना डिस्कचा एकच साचा पुरतो. रेझिन ओतताना खिडक्या उघड्या हव्यात आणि घासताना तोंडाला मास्क हवाच.

निपाणीकरांनी या कामासाठी बेळगावला यायची गरज नाही. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथची तीच परंपरा आहे आणि भाषेचाही प्रश्न नाही. जीएसटी दोन्ही राज्यांत एकच, त्यामुळे सीमेच्या अलीकडे स्वस्त की पलीकडे या हिशेबात वेळ घालवू नका; एसटीचे तिकीट तेवढे बघा.

चेसी, केबिन, हौदा

सगळ्यांच्या तोंडी सनबोर्ड असतो. फ्लेक्स आणि नामफलक करणाऱ्यांकडे तो मिळतो. अख्खी शीट घेऊ नका, कापून उरलेले तुकडे मागा. शंभर रुपयांत दोन ट्रकांचा माल मिळतो. पण तीन मिलिमीटरचा सनबोर्ड १/२४ मध्ये बहात्तर मिलिमीटर जाड पत्र्यासारखा दिसतो. म्हणून तो तळाला, सीटला आणि आतल्या आधारांना वापरा. केबिनचा बाहेरचा पत्रा जाड आयव्हरी कार्डाचा किंवा एक मिलिमीटरच्या पॉलिस्टायरीन शीटचा करा. कार्ड पाच-सात रुपयांना मिळते. त्याला सुपरग्लूचा पातळ हात दिला की ते कडक होते आणि घासताही येते. दारांच्या आणि काचांच्या कडा याच कार्डाच्या बारीक पट्ट्यांनी उठवा.

चेसीला खिडक्यांचे ॲल्युमिनियम काम करणाऱ्याकडची अर्ध्या इंचाची यू-पट्टी घ्या. उरलेला तुकडा वीस-तीस रुपयांत मिळतो, सरळ असतो आणि ट्रक वर्षानुवर्षे वाकत नाही. पाटे पुठ्ठ्याच्या एकावर एक कमी होत जाणाऱ्या पट्ट्यांचे होतात.

हौद्यासाठी फर्निचरच्या कारखान्यात पडलेले व्हिनियरचे तुकडे मागा, बहुतेक वेळा ते फुकट मिळतात. अर्ध्या मिलिमीटरचे दोन थर चिकटवले की १/२४ मध्ये बरोबर इंचभर जाडीची फळी होते. आइस्क्रीमच्या काड्या सोप्या, पण दोन मिलिमीटर जाड, त्यामुळे हौदा बोजड दिसतो. सागाचा रंग राखायचा की रंगवायचा, हे मूळ ट्रक बघून ठरवा.

आता मालाविषयी, कारण इथेच बेळगाव-निपाणीचा ट्रक बाकी देशाच्या ट्रकांपासून वेगळा होतो. हंगामात हालसिद्धनाथ किंवा हिरण्यकेशी साखर कारखान्याच्या वाटेवर निघालेला उसाचा ट्रक बांधायचा असेल तर हिराचा खराटा घ्या. त्याची काडी १/२४ मध्ये उसाच्या जाडीची असते. नऊ-दहा सेंटिमीटरचे तुकडे करून मोळ्या बांधा, शेंड्याला हिरवट रंग द्या. पन्नास रुपयांच्या खराट्यात ट्रक ओसंडून वाहतो. निपाणीच्या तंबाखूचे बोद करायचे तर खरे तरट वापरू नका, त्याची वीण फार मोठी दिसते. जुन्या खाकी सुती कापडात कापूस भरून शिवा. ताडपत्री टिश्यू पेपरची: पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून मालावर पसरायची, वाळली की रंगवायची. दोरीसाठी गोधडीचा जाड दोरा मापाला बरोबर बसतो, सुतळी नाही. दुर्गमानवाडीच्या खाणीतून हिंडाल्कोच्या कारखान्याकडे येणारा बॉक्साइटचा टिप्पर करायचा असेल, तर खडूची पूड आणि गाळलेली तांबडी माती एकत्र करून कोरड्या ब्रशने चाकांवर, फाळक्यावर, केबिनच्या पायरीवर मारा. दिवाळीत किल्ले बांधणाऱ्या पोरांना ही माती कुठली आणि कशी गाळायची ते वेगळे सांगावे लागत नाही.

या सगळ्या मालाला, म्हणजे शीट, कार्ड, लाकूड आणि ॲल्युमिनियमला, साडेतीनशे ते पाचशे धरा. फेविकॉल, फेविक्विक, एम-सील आणि थोडी लांबी यांना दोनशे.

हत्यारे

एकदाच घ्यायची आणि चांगली घ्यायची: स्नॅप पाती असलेला कटर आणि जास्तीची पाती, फूटभर स्टीलची पट्टी, छोटा गुण्या, ए-थ्री आकाराची कटिंग मॅट, बारीक कानशींचा संच, हाताने फिरवायचे छोटे ड्रिल, टोकदार चिमटा. सगळे मिळून हजार ते बाराशे. यात काटकसर करायची असेल तर मॅटवर करा, पात्यांवर कधीही नको. बोथट पाते जोर मागते, आणि जोर लावला की बोट कापते. मुले कटर वापरत असतील तेव्हा मोठ्यांनी शेजारी बसावे.

एअरब्रश हे पुढचे पाऊल. चार्ज होणारे छोटे संच दीड-दोन हजारांत आहेत, कॉम्प्रेसरवाले सहा हजारांच्या पुढे. पहिल्या वर्षी दोन्हींची गरज नाही.

रंग

रंगकामाचे वेळापत्रक बेळगावचा पाऊस ठरवतो. जून ते सप्टेंबर हवेत एवढी ओल असते की स्प्रेचा रंग वाळताना पांढुरका, धुरकट होतो. त्या महिन्यांत कापा, जोडा, घासा. रंग दिवाळीनंतर कोरड्या हवेत मारा.

दोन वाटा आहेत. हार्डवेअरच्या दुकानातला प्रायमरचा एक आणि रंगाचा एक डबा पाचशेच्या आसपास होतो. वर ब्रशने भरायच्या ॲक्रिलिकच्या चार-पाच बाटल्यांना दोनशे आणि वॉटर पेपरला पन्नास. चारशे, आठशे, बाराशे असे तीन नंबर घ्या. दुसरी वाट ऑटोनगरच्या पेंटरची. खऱ्या ट्रकला मारलेला रंग गनमध्ये उरलेला असतो. तो तीन-चारशेत तुमच्या ट्रकवरही एक हात मारून देतो, आणि रंगाची खरी छटा मिळते ती याच वाटेने. फक्त गाडीच्या रंगातला थिनर पॉलिस्टायरीन आणि सनबोर्ड खातो. त्याआधी पाण्यातल्या ॲक्रिलिक प्रायमरचे दोन पातळ हात देऊन पूर्ण वाळवा. सगळे धरून रंगाला सातशे ते नऊशे.

पाट्या, नक्षी आणि मागची अक्षरे डिजिटल प्रिंटवाल्याकडे बारा बाय अठराच्या स्टिकर शीटवर साठ ते शंभरात होतात. एका शीटमध्ये तीन-चार ट्रकांचा मजकूर बसतो, तेव्हा मित्रांबरोबर वाटून घ्या. मोठ्या ट्रकची पिवळी नंबरपाटी ३४० बाय २०० मिलिमीटरची, म्हणजे १/२४ मध्ये १४ बाय ८. बेळगावचा ट्रक असेल तर केए-२२, निपाणी-चिकोडीकडचा असेल तर केए-२३, कोल्हापूरचा एमएच-०९. मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायचे का, हे सालावर ठरते: महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते लिहायला मनाई केली. त्यानंतरचा एमएच पासिंगचा ट्रक बांधत असाल तर ती ओळ गाळा.

रिमोटचा ट्रक

तामियाचे १/१४ चे ट्रक या छंदातले शिखर मानले जातात. तीन गिअरची पेटी, खरे सस्पेन्शन, स्क्रूने जोडायची धातूची चेसी. पण खोक्यात ट्रक असतो, त्याला चालवणारे बरेचसे सामान नसते. किटला पन्नास हजारांच्या पुढे मोजल्यावर चार चॅनलचा रेडिओ, स्पीड कंट्रोलर, सर्व्हो, बॅटरी आणि चार्जर यांना आणखी बारा-पंधरा हजार लागतात. दिवे आणि इंजिनाचा आवाज देणारी पेटी वेगळी, ट्रेलर वेगळा. हिशेब लाखाला सहज पोचतो. रिमोटची हौस आधी चाखून बघायची असेल तर डब्ल्यूपीएल कंपनीचा १/१० चा छोटा जपानी मिनिट्रक पाच ते आठ हजारांत येतो, आणि त्यात मोटर-रेडिओ सगळे असते. त्याच्यावर एक वर्ष काढा, मग मोठ्याचा विचार करा.

दुसऱ्याकडून बांधून घ्यायचा असेल तर

आपल्या भागात ट्रकमालक स्वतःच्या गाडीची प्रतिकृती करून घेतात. कधी वडिलांच्या पहिल्या ट्रकची आठवण म्हणून, कधी नव्या गाडीच्या पूजेला. एसटीच्या बसची मॉडेल करणारी पोरे महाराष्ट्रात गावोगावी आहेत आणि त्यातली काही ट्रकही करतात. त्यांचे दर ऐकून लोक दचकतात, म्हणून हिशेब मांडतो. १/२४ चा चांगला सहाचाकी म्हणजे साठ-सत्तर तासांचे काम. कुशल पेंटरची किंवा सुताराची रोजी तासाला शंभर रुपयांच्या घरात पडते. म्हणजे मजुरी सहा-सात हजार, माल दोन-अडीच हजार. आठ ते दहा हजार ही रास्त किंमत झाली. तीन हजारांत करून द्या म्हणणे म्हणजे त्या पोराला तासाला दहा रुपये देणे. तसे करू नये. त्यापेक्षा लहान स्केलचा किंवा कमी तपशिलाचा ट्रक मागावा.

ऑर्डर देताना कागदावर हे लिहून घ्या: स्केल, चाके कशाची, पुढची चाके वळतात का, दार उघडते का, रंगाचा नमुना, तारीख. एक तृतीयांश आगाऊ द्या, रंगाआधीचा फोटो बघून दुसरा हप्ता, हातात आल्यावर बाकी. रंगाआधीचा फोटो महत्त्वाचा, कारण मापाची चूक तेव्हाच सुधारता येते.

खोके उघडताना

ऑनलाइन किट घेतले तर खोके फोडण्यापासून सुट्या भागांची फ्रेम मोजेपर्यंत सलग व्हिडिओ काढा. आयात केलेल्या खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किंमत छापलेली असणे कायद्याने बंधनकारक आहे. ते नसेल तर तेवढ्यावरूनच परत करा. भाग कमी निघाला तर आधी विक्रेत्याकडे लेखी तक्रार करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे असते. तसे झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क लागत नाही.

एक खर्च बहुतेक जण विसरतात: काचेची पेटी. ट्रक उघडा ठेवला तर वर्षभरात आरशांवर आणि दोरखंडांवर धूळ बसते, आणि ती पुसताना हमखास काहीतरी तुटते. शोकेस करणाऱ्याकडे जाऊ नका. माशांच्या टाक्या बनवणाऱ्याकडे जा, ट्रकची मापे द्या आणि चारी बाजूंना तीन-तीन सेंटिमीटर मोकळे ठेवायला सांगा. वरचे झाकण चिकटवायचे नाही म्हणून बजावा. आठशे ते बाराशे रुपयांत काम होते.